उंबरठा न ओलांडणारी मैत्री

मराठी भाषेत ‘ओळख’ हा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. दोन माणसांचा परिचय झाला म्हणजे आपण म्हणतो, त्यांची ओळख झाली. एखादा मनुष्य मुळात कोण आहे, त्याचे नाव-गाव काय, त्याचा स्वभाव व सचोटी कशी, यालाही आपण त्याची ओळखच म्हणतो. या दोन गोष्टींना भाषेने एकच शब्द दिला, यात एक सत्य साठवलेले आहे. मनुष्य कोण आहे हे त्याच्या आणि इतरांच्या संबंधांतूनच घडत व उलगडत जाते. पवित्र कुरआननेही सूरह अल्-हुजुरातच्या तेराव्या आयतीत माणसांतील वंश व कबिले यांच्या वेगळेपणाचे प्रयोजन हेच सांगितले आहे की, माणसांनी एकमेकांना ओळखावे. आणि त्यांच्यातील थोरवीची कसोटी मात्र अल्लाहने तकवा ही ठेवली आहे.

या आयतीत ओळखण्यासाठी जे अरबी क्रियापद आले आहे, त्याची घडणच परस्परतेची आहे. एकाने दुसऱ्याला पाहिले, त्याच्याविषयी काही माहिती मिळविली, एवढ्याने ते पूर्ण होत नाही. मी आपणांस ओळखावे आणि आपणही मला ओळखावे, असा दुहेरी व्यवहार त्यात अभिप्रेत आहे. म्हणूनच, वाचकहो, आपल्या काळासंबंधी एक प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे झाले आहे. फेसबुक २००४ साली सुरू झाले, व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये, इन्स्टाग्राम २०१० मध्ये. आणि २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर ही साधने आपल्याकडील खेड्यापाड्यांतही घरोघरी पोहोचली. आपली छायाचित्रे, आपली मते, आपले आनंद व आपली दुःखे आज शेकडो लोकांना दिसतात. इतक्या लोकांना दिसणाऱ्या माणसाला खरोखर ओळखणारे किती उरले आहेत?

दोष साधनाचा नाही

प्रारंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या साधनांना सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील कितीतरी मुस्लिम कुटुंबांतील कर्ते पुरुष आखाती देशांत नोकरीनिमित्त राहतात. एके काळी त्यांच्या पत्राची वाट पाहण्यात आठवडे सरत असत. आज कुवेत किंवा दुबईतील पिता रात्री मुलाचा चेहरा पाहतो, त्याची कुरआनची तिलावत ऐकतो, चुकलेला उच्चार तेथूनच दुरुस्त करतो. नातेसंबंध जोडून ठेवणे, म्हणजेच सिलारहमी, हे इस्लामने मोठ्या पुण्याचे कर्म ठरविले आहे. ज्या साधनाने ते साधते, ते साधन अल्लाहची देणगी समजून कृतज्ञतेने वापरावे. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, परक्या शहरात एकटी राहून शिकणारी मुलगी, ज्याच्या आसपास दीनविषयी बोलण्यास कोणीच नाही असा तरुण, यांनाही या साधनांचा आधार मिळतो.

मग अडचण कोठे आहे? दुबईतील पिता आपल्या मुलाला पडद्यावर भेटतो, कारण दोघांच्या मध्ये समुद्र आहे. परंतु एकाच मोहल्ल्यात राहणारे, लहानपणी एकाच मकतबमध्ये बसलेले दोन मित्र जेव्हा महिनोन्‌महिने केवळ पडद्यावरच भेटतात, तेव्हा त्यांच्या मध्ये कोणता समुद्र असतो? ईदच्या दिवशी शेजारच्या घरी शीरखुर्म्याचे भांडे घेऊन मूल धावत जात असे, आणि ते भांडे सहसा रिकामे परत येत नसे. आता चंद्र-ताऱ्याचे एकच सुंदर चित्र क्षणार्धात दोनशे जणांना जाते. त्या दोनशेंत समोरच्या दाराचा शेजारीही असतो. त्याला शुभेच्छा मिळाल्या हे खरे. पण त्याचे दार वाजले नाही. नाते टिकविण्यासाठी हाती घेतलेले साधन जेव्हा नात्याचीच जागा घेऊन बसते, तेव्हा खरी हानी सुरू होते. ती आवाज न करता होते, म्हणून लवकर लक्षातही येत नाही.

हजरत उमर (रजि.) यांचे तीन प्रश्न

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक हकीगत सांगितली जाते. एका मनुष्याने त्यांच्यासमोर दुसऱ्या एकाच्या चांगुलपणाची ग्वाही दिली. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला विचारले की, तू त्याचा शेजारी आहेस काय, की त्याचे दिवसरात्रीचे येणेजाणे तुला ठाऊक असावे? तो म्हणाला, नाही. पैशाच्या देवघेवीत तुझा त्याच्याशी कधी संबंध आला काय? नाही. मग तू त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस काय, ज्यात माणसाचा स्वभाव उघडा पडतो? याचेही उत्तर नाही असेच आले. तेव्हा हजरत उमर (रजि.) म्हणाले की, तू त्याला मस्जिदीत नमाज अदा करताना, मस्तक लववताना व उचलताना पाहिले असशील. तो म्हणाला, होय. यावर त्यांचा निर्णय असा होता की, तू त्याला ओळखत नाहीस.

या हकीगतीवर थोडे थांबून विचार करावा. नमाज ही तर दीनचा आधारस्तंभ आहे. तरीही तिचे केवळ दिसणे माणसाच्या ओळखीस पुरेसे मानले गेले नाही. शेजार, व्यवहार आणि प्रवास या तीन गोष्टींतच असे काय आहे, जे अन्यत्र नाही? विचार केला असता ध्यानात येते की, या तीनही ठिकाणी काय दाखवावे आणि काय झाकावे याची निवड माणसाच्या हाती राहत नाही. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला आपला चढलेला आवाज ऐकू जातो. उसने घेतलेले पैसे परत करण्याची तारीख उलटली की आपली सचोटी उघड होते. गाडी चुकली, जेवण कमी पडले, बसायला एकच जागा मिळाली, की सहप्रवाशाला आपण कोण आहोत हे कळून चुकते. ओळख होते ती अशा न निवडलेल्या क्षणांत.

पडद्यावरील मैत्री याच्या नेमकी उलट आहे. तेथे प्रत्येक क्षण निवडलेला असतो. दहा छायाचित्रे काढून त्यांतील एक टाकले जाते; उत्तर लिहून, पुसून, पुन्हा लिहून पाठविले जाते; नको असलेले संभाषण बोटाच्या एका स्पर्शाने बंद करता येते. फेसबुक एका व्यक्तीला पाच हजारांपर्यंत ‘मित्र’ जोडण्याची मुभा देते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९०च्या दशकाच्या प्रारंभी असा अंदाज मांडला होता की, मनुष्य स्थिर स्वरूपाचे नाते साधारण दीडशे माणसांशीच राखू शकतो. हा आकडा थोडा मागेपुढे धरला तरी पाच हजार मित्र म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. हजरत उमर (रजि.) यांचे तीन प्रश्न आपण आपल्या यादीतील नावांना लावून पाहावेत. किती नावे टिकतील?

आता दुसऱ्या बाजूने पाहू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका मुस्लिमाचे दुसऱ्यावरील सहा हक्क सांगितल्याचे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. भेटल्यावर सलाम करणे, बोलावल्यास जाणे, सल्ला मागितल्यास खरा सल्ला देणे, शिंक आल्यावर त्याने अल्लाहची स्तुती केली तर त्याच्यासाठी कृपेची दुआ करणे, आजारी पडल्यास भेटीस जाणे आणि मृत्यू झाल्यास जनाज्यासोबत जाणे. यांतील चौथा हक्क पाहा. तो वरवर किती किरकोळ वाटतो! परंतु शिंकेला उत्तर द्यायचे असेल तर शिंक ऐकू येण्याइतके जवळ बसलेले असावे लागते. हे सहाही हक्क असे गृहीत धरतात की, माणसे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. मृत्यूची वार्ता गटावर येताच ‘इन्ना लिल्लाहि’चे शंभर संदेश उमटतात, ते लिहिणाऱ्यांच्या मनातील दुःख खोटे नसते. पण जनाजा खांद्यावर घ्यावा लागतो, कबरीवर माती हाताने टाकावी लागते, आणि मृताच्या घरी तिसऱ्या दिवशीही चूल पेटली की नाही हे दारात जाऊनच कळते.

अबू दरदा (रजि.) यांच्या घरी पाहुणा

मदिनेत आल्यानंतर प्रेषितांनी (स.) आपल्या सोबत्यांमध्ये बंधुत्वाची नाती जोडून दिली. हजरत सलमान फारसी (रजि.) व हजरत अबू दरदा (रजि.) हे असेच जोडले गेलेले दोन भाऊ. त्यांच्याविषयीचा एक प्रसंग सहीह बुखारीत आला आहे. सलमान (रजि.) आपल्या भावाच्या भेटीस त्याच्या घरी गेले, तेव्हा उम्मे दरदा (रजि.) त्यांना अगदी साध्या, विटक्या कपड्यांत दिसल्या. त्यांनी कारण विचारले. उत्तर मिळाले की, आपल्या भावाला या जगातील कशाची गरजच राहिलेली नाही. थोड्या वेळाने अबू दरदा (रजि.) आले, पाहुण्यासमोर अन्न ठेवले आणि स्वतःचा रोजा असल्याचे सांगितले. सलमान (रजि.) म्हणाले, आपण खाल्ल्याखेरीज मीही खाणार नाही. भावाने रोजा सोडला. रात्री अबू दरदा (रजि.) नमाजसाठी उठू लागले, तर सलमान (रजि.) यांनी त्यांना झोपण्यास सांगितले, पुन्हा उठू लागले, पुन्हा झोपविले. रात्रीचा अखेरचा भाग आला तेव्हा त्यांनीच भावाला उठविले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग समजावले की, आपल्या पालनकर्त्याचा आपल्यावर हक्क आहे, आपल्या जिवाचाही आहे आणि घरच्या माणसांचाही आहे. ज्याचा हक्क त्याला द्यावा. ही हकीगत कानी आली तेव्हा प्रेषितांनी (स.) सलमानचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले.

क्षणभर कल्पना करा की, हे दोन भाऊ एकमेकांना केवळ दुरून पाहत असते. अबू दरदा (रजि.) यांचे दुरून दिसणारे चित्र काय असते? दिवसा रोजे, रात्रभर नमाज. असे चित्र आजच्या एखाद्या गटात उमटले तर ‘माशाअल्लाह’चा वर्षाव होईल, आणि ती स्तुती मनापासून केलेली असेल. परंतु त्या वर्षावात पत्नीच्या विटक्या कपड्यांविषयी विचारणारा एकही जण नसेल, कारण ते कपडे चित्रात आलेलेच नसतील. ते पाहण्यासाठी कोणीतरी उंबरठा ओलांडून आत यावे लागते. सलमान (रजि.) यांनी पाहिले ते अबू दरदा (रजि.) यांनी दाखविलेले नव्हते. मित्र नेमका हाच असतो. आपण जे दाखवीत नाही, ते ज्याला दिसते आणि दिसल्यावर जो गप्प बसत नाही, तो मित्र.

त्यांची सुधारण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. त्यांनी चारचौघांत प्रवचन केले नाही, कोणाकडे तक्रार नेली नाही. अन्नापुढे बसून राहिले, रात्र त्याच घरी काढली, पहाटे सोबत उभे राहिले. दोष दाखविण्याचा अधिकार त्यांनी सहवासाने मिळविला. एका हदीसमध्ये श्रद्धावंताला श्रद्धावंताचा आरसा म्हटले आहे. आरसा डाग दाखवितो, पण जो त्याच्यासमोर उभा राहतो त्यालाच. मागून येणाऱ्याला तो आधीच्याचा डाग सांगत नाही. आज एखाद्याची चूक दिसली तर ती पाचशे जणांच्या गटात दाखविली जाते, त्याच्या शब्दांचे चित्र काढून फिरविले जाते, आणि याला नसीहत म्हटले जाते. हा आरशाचा धर्म नव्हे. सूरह अल्-हुजुरातने थट्टा, टोपणनावे, संशय, पाळत आणि निंदा यांना एकापाठोपाठ मनाई केली आहे. ही यादी आजच्या कोणत्याही गटाच्या दारावर लावण्याजोगी आहे.

एक दृष्टी येथे, एक दृष्टी तेथे

सुनन नसाईमध्ये हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून एक छोटी हदीस आली आहे. प्रेषितांनी (स.) एक अंगठी बनवून घेतली व ती बोटात घातली. नंतर त्यांनी सोबत्यांना सांगितले की, आज या वस्तूने माझे लक्ष तुमच्यापासून दूर नेले. माझी एक दृष्टी तिच्याकडे जात होती आणि एक तुमच्याकडे. असे म्हणून त्यांनी ती अंगठी काढून टाकली.

अंगठी हराम होती म्हणून ती टाकली, असे येथे कारण दिलेले नाही. समोर बसलेल्या माणसांच्या वाट्याचे लक्ष तिने घेतले, एवढेच कारण पुरले. वाचकहो, आपल्या हातातील वस्तूने दिवसभरात किती जणांच्या वाट्याचे लक्ष घेतले याचा हिशेब आपण करतो काय? दस्तरखानावर बसलेली मुले, शाळेतले काही सांगू पाहणारी मुलगी, एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणारी वृद्ध आई. प्रेषितांच्या (स.) वर्णनात असे येते की, ते कोणाकडे वळत तेव्हा केवळ मान न वळविता पूर्ण देहानिशी वळत. पूर्ण वळणे हा समोरच्या माणसाचा सन्मान होता. आज आपण अर्धेच वळतो. हुंकार देतो, पण डोळे खालीच असतात. समोरच्याला आपण तेथे नाही हे कळते. मूल ते दोनदा-तीनदा सहन करते, मग सांगणेच सोडून देते. पुढे हाच मुलगा कोणाशी बोलतो, कोणाला मित्र मानतो, हे घरच्यांना कळत नाही तेव्हा आपण काळाला दोष देतो.

समोरच्या माणसापेक्षा पडद्यावर अधिक विश्वास ठेवण्याची ही सवय कोठवर जाऊ शकते, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. अशा टोळ्यांच्या अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होत्या. ती पाच माणसे समोर उभी होती. त्यांना तोंड होते, नाव-गाव होते, विचारता आले असते. पण अफवेने त्यांची ओळख आधीच ठरवून टाकली होती. बातमी आणणारा बेभरवशाचा असेल तर शहानिशा करावी, नाहीतर अजाणतेपणी कोणाची हानी होऊन पश्चात्तापाची पाळी येईल, ही ताकीद सूरह अल्-हुजुरातमध्ये आहे. आणि ओळखण्याविषयीची आयत त्याच सूरहमध्ये थोड्याच अंतरावर आहे. शहानिशा व ओळख या दोन्ही गोष्टी माणसाच्या जवळ जाण्यानेच घडतात.

दाखविलेला ‘मी’

येथवर आपण मित्रांविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलू. जो मनुष्य रोज स्वतःचे चित्र लोकांपुढे मांडतो, त्याच्या आत काय घडते? हळूहळू तो स्वतःकडेही पाहणाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहू लागतो. उमराहला गेलेला भाविक काबागृहासमोर उभा आहे. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला आहे. त्याच वेळी हात खिशाकडे जातो आणि मनात विचार येतो की, हे चित्र कोणाकोणाला दिसेल. घरी बसलेल्या आईला काबा दाखविण्याची इच्छा असेल तर ती प्रेमाची गोष्ट आहे. नियत अल्लाह जाणतो, आपण कोणाच्या नियतीवर शंका घेऊ नये. पण प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, कोणीच पाहणार नसते तर हा क्षण मला पुरला असता काय? जो एकांतात अल्लाहचे स्मरण करतो आणि त्याचे डोळे भरून येतात, त्याला प्रेषितांनी (स.) कियामतच्या दिवशी अल्लाहच्या छायेत जागा मिळणाऱ्या सात प्रकारच्या लोकांत गणले आहे. ज्याच्या जीवनात न पाहिलेला असा एकही क्षण उरला नाही, त्याने हे अश्रू कोठे ढाळावेत?

सूरह अल्-माऊनमध्ये एक विलक्षण जोडणी आहे. दिखाव्यासाठी कर्म करणाऱ्यांचा उल्लेख होतो आणि लगेच पुढे असा उल्लेख येतो की, हे लोक नित्य वापराच्या साध्या वस्तूही शेजाऱ्यापाजाऱ्यांना देत नाहीत. दिखावा आणि कद्रूपणा यांचा संबंध काय? विचार करता असे दिसते की, माणसाजवळ लक्ष देण्याची शक्ती मर्यादित असते. ती दूरच्या प्रेक्षकांवर खर्च झाली की जवळच्याच्या वाट्याला चिमूटभर मीठही येत नाही.

यावर एखादा विचारी वाचक म्हणेल की, इस्लामनेच तर दोष झाकण्यास सांगितले आहे. स्वतःची पापे चव्हाट्यावर मांडणाऱ्यांविषयी हदीसमध्ये कठोर शब्द आले आहेत. मग आपली केवळ चांगली बाजू दाखविली तर बिघडले कोठे? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. झाकणे आणि सजविणे यांत फरक आहे. जो लज्जेने दोष झाकतो, त्याला आपल्यात दोष आहे याचे भान असते. तो एकांतात अल्लाहसमोर तो उघड करतो व क्षमा मागतो. जो सजवितो, तो दोषाच्या जागी गुण रंगवितो आणि लोकांच्या स्तुतीने पुढे स्वतःच त्या रंगाला खरे मानू लागतो. झाकणारा तौबाच्या वाटेवर राहतो. सजविणाऱ्याला तौबा कशाची करावी हेच कळेनासे होते. म्हणून पडद्यावर सर्व काही उघडे करणे हाही उपाय नव्हे. गर्दीसमोर सर्वस्व उघड करण्यास इस्लामने सांगितलेले नाही आणि गर्दीसमोर खोटे रूप उभे करण्यासही परवानगी दिलेली नाही. मनुष्याला अल्लाहसमोर पूर्ण उघडे असावे लागते आणि दोन-चार विश्वासू माणसांसमोर बऱ्याच अंशी. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये बंधुत्वाचे आठ हक्क विस्ताराने सांगितले आहेत. त्यांतील अखेरचा हक्क असा की, मित्राशी तकल्लुफ नसावा. त्याला आपल्यासाठी आणि आपल्याला त्याच्यासाठी अवघडून बसावे लागू नये. इ. स. ११११ मध्ये निवर्तलेल्या या विद्वानाची ही कसोटी आजही तंतोतंत लागू पडते. ज्या नात्यात प्रत्येक वाक्य जोखून टाकावे लागते, त्याला परिचय म्हणता येईल, मैत्री म्हणता येणार नाही.

आपल्या तरुणांच्या बाबतीत ओळखीचा प्रश्न आणखी एका रूपाने येतो. काही जण विद्वेषाला कंटाळून पडद्यावर आपले मुस्लिम नाव लपवितात. काही जण याच्या उलट, पडद्यावर दीनचे कडवे कैवारी बनतात. पण मोहल्ल्यातील मस्जिदीच्या इमामसाहेबांना त्यांचे नाव ठाऊक नसते आणि शेजारच्या हिंदू कुटुंबाशी ते कधी चार शब्द बोललेले नसतात. एकाने नाव पुसले, दुसऱ्याने नावाचा झेंडा केला. दोघांवर रागावण्यात अर्थ नाही. दोघेही एकाच गोष्टीला मुकले आहेत, ती म्हणजे त्यांना जवळून ओळखणारी माणसे. ज्या मुलाला गल्लीतले दहाजण त्याच्या वागण्यावरून ओळखतात, त्याला आपले नाव लपविण्याची किंवा ओरडून सांगण्याची गरज तितकीशी भासत नाही. शेजारी त्याचा द्वेष करणाऱ्याला स्वतःच सांगतो की, मी या मुलाला ओळखतो.

उवैस करनी (रह.) यांची निवड

दूर राहूनही प्रेम असू शकते काय? निश्चितच असू शकते. यमनचे उवैस करनी (रह.) प्रेषितांच्या (स.) हयातीत होते, पण त्यांना भेटू शकले नाहीत. सहीह मुस्लिममध्ये त्यांच्या आईच्या सेवेचा उल्लेख आहे. आणि तीच सेवा त्यांना मदिनेस येण्यापासून अडवीत होती, असे परंपरेने सांगितले जाते. प्रेषितांनी (स.) हजरत उमर (रजि.) यांना सांगून ठेवले होते की, उवैसची भेट झाली आणि शक्य झाले, तर त्यांच्याकडून आपल्यासाठी क्षमेची दुआ करवून घ्यावी. पुढे भेट झाली. उवैस कूफ्यास निघाले होते. हजरत उमर (रजि.) यांनी तेथील अधिकाऱ्याला पत्र देऊ केले, तेव्हा उवैस यांनी नम्रपणे सांगितले की, सामान्य, दुर्लक्षित माणसांत राहणेच मला अधिक आवडते.

दूरच्या प्रेमाचे याहून मोठे उदाहरण कोणते असेल? तरीही पाहा, ज्याचे दूरचे प्रेम सर्वांत श्रेष्ठ व्यक्तीवर होते, त्याने जवळच्या आईचा हक्क त्यासाठी मोडला नाही. आणि ज्याची ओळख प्रेषितांच्या (स.) मुखातून झाली होती, त्याला लोकांत ओळखले जाण्याची हाव नव्हती. पडद्यावरील दूरच्या मैत्रीला हीच मर्यादा लावावी. ती जवळच्याचा हक्क न मोडता चालत असेल तर ती नेमत आहे. जवळच्याचा हक्क खाऊन वाढत असेल तर तिचा हिशेब द्यावा लागेल.

आपल्या हाती काय आहे?

यासाठी मोबाइल फेकून देण्याची गरज नाही. काही साध्या गोष्टी आजपासून करता येतील. दस्तरखानावर आणि झोपेपूर्वीच्या अर्ध्या तासात घरातील सर्वांचे मोबाइल एका बाजूस ठेवावेत; थोरांनी स्वतःपासून प्रारंभ करावा, कारण मुले सांगितलेले विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत. आजारी माणसाला संदेश पाठविल्यावर तो पोहोचला असे समजू नये, आपण पोहोचावे. काही टाकण्यापूर्वी एकदा थांबून विचारावे की, हे कोणासाठी आहे. आणि प्रत्येकाने निदान एका माणसाला असा अधिकार द्यावा की, त्याने न सांगता आपल्या घरी यावे आणि जे दिसेल ते आपल्याला एकट्यात सांगावे. असा माणूस आपल्या जीवनात नसेल, तर हजारोंची यादी असूनही आपण एकटे आहोत हे ओळखावे, आणि उठून कोणाचे तरी दार वाजवावे. कदाचित त्या दारामागेही कोणी याच वाजण्याची वाट पाहत असेल.

सूरह अज्-जुखरुफमध्ये एका अशा दिवसाचा उल्लेख आहे, ज्या दिवशी जिवलग म्हणविणारे एकमेकांचे वैरी होतील. वाचतील ते केवळ तकवाच्या पायावर उभे असलेले स्नेहसंबंध. त्या दिवशी आपल्याला कितीजण पाहत होते याची विचारणा होणार नाही. आपण कोणाचा हक्क अदा केला, कोणाच्या हाकेला उत्तर दिले, याची होईल. आणि आपण खरोखर कोण आहोत हे जो पहिल्यापासून जाणतो, त्याच्यासमोर कोणतेही सजविलेले चित्र चालणार नाही.

अल्लाह आपणां सर्वांना एकमेकांचे निर्मळ आरसे बनण्याची, जवळच्यांचे हक्क ओळखण्याची आणि एकांतात व लोकांत एकसारखे राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.